पार्कातले गौरीचे हात

आमच्याकडची गौर तेरड्याची असते. तेरड्याच्या जुडीला मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंना पिवळीतांबडी रानफुलं खोचायची. त्या फुलाच्या पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या असतात, म्हणून आम्ही त्याला गौरीचे हातच म्हणतो. पुस्तकवाले कळलावी म्हणतात. म्हणोत. हे हात आणायचं काम लग्न झाल्यापासून माझं. दुसऱ्या कुणाला मी ते करू दिलेलं नाही.

मी जिथून आणायचो ती टेकडी आता नाही. मुरूम नेऊन नेऊन सपाट केली, वर गोदामं उभी राहिली, न्हावाशेव्याचे कंटेनर तिथं येऊन लागतात. गेल्या वर्षी कुंपणाबाहेर दोन फुलं मिळाली होती. या वर्षी तिथं काँक्रीट. आणि नेमका याच वर्षी आमच्या नातसुनेचा पहिला ओवसा. म्हणजे गौर आली की दुसऱ्या दिवशी नव्या सुनेनं फळाफुलांनी भरलेलं सूप तिच्यापुढं ठेवायचं.

गौर यायच्या दिवशी सकाळीच आमची म्हातारी बोलली, "बिनहाताच्या गौरीपुढं मी पोरीचं सूप ठेवू देनार नाय. मग बसा पुढच्या वर्षापर्यंत."

मी म्हटलं, दुपारच्या आत हात आणतो. सगळ्या घरासमोर म्हटलं.

नातसून ऑफिसवाली, पनवेल शहरात वाढलेली. तिनं मोबाइलवर शोधून काढलं, की डोंगराकडच्या निसर्ग उद्यानात ही फुलं राखून ठेवलीत, कारण ती आता फार थोडी उरलीत. तोडता येत नाहीत, असंही ती म्हणाली होती. ते मी ऐकलं नाही. कापडी पिशवी घेतली आणि तिच्या स्कूटरवर मागे बसलो. हेल्मेट टोपीवरच चढवलं. टोपी मी कुणासाठी काढत नाही.

तिकीट काढून डोंगरावर जायचं हेच मला पटत नव्हतं. त्यात म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. मी पुरं काढायला लावलं. डोंगर चढायला आलोय तर म्हातारा कसा?

गेटवर खाकी कोट घातलेली बाई होती, बोलण्यावरून आमच्याच बाजूची.

"बाबा, पिशवीत काय हाय?"

"काय नाय."

"रिकामी पिशवी घेऊन फिरायला कोन येतो? सकाळपासून तुमी तिसरे."

आणि ती आमच्या मागोमाग चालायला लागली.

वळणावर जाळी लावली होती आणि जाळीच्या आत वेल. माझ्या टेकडीवर कधी पाहिली नव्हती एवढी फुलं, झुडपांच्या डोक्यावर चढून बसलेली. नातसून फोटो काढायचं विसरली. मी बाईला सुनावलं, की आम्ही बापजाद्यांपासून ही फुलं नेतो, फूल तेवढं घेतो, कांदा उपटत नाही, आणि ती कधी संपली नाहीत. संपली ती टेकडी खाणाऱ्या यंत्रांमुळं. तिनं सगळं कबूल केलं. भांडायला आलेल्या माणसाचं कुणी कबूल केलं की त्याची फार पंचाईत होते.

मग ती म्हणाली, "मी रोज हितं असते, बाबा. माझ्या घरच्या गौरीला पन औंदा हात नाय."

मी दगडावर बसलो. नातसून म्हणाली, ओवसा पुढच्या वर्षी झाला तरी तिला चालेल. पण सूप तिनं स्वतः रंगवलं होतं, आईला बोलावून ठेवलं होतं. चालणार नव्हतं हे तोंडावर दिसत होतं. आणि मी तोंड वर करून सांगितलं होतं त्याचं काय?

बसल्या बसल्या मनात आलं, संध्याकाळी बायका ओढ्यावर गौर आणायला जातातच. वाट जरा वाकडी केली तर? हात घरी येत नसतील तर गौर इथं येईल. उठून गेटवर आलो आणि तिथली पाटी नीट वाचली. प्लास्टिक नको, कुत्रा नको, फुलं तोडू नका. गौरीबद्दल काही नव्हतं. बाईला विचारलं तर ती हसली आणि अंधाराआधी गेट बंद होतं, एवढंच म्हणाली.

फोनवर म्हातारीनं मला वेड्यात काढलं. पण आली. मुलाच्या टेम्पोत, आळीतल्या बायका आणि तेरड्याची ताजी जुडी घेऊन. गेटवर उतरल्या उतरल्या विचारते, गौरीचं पन तिकीट घेता काय?

"तीन दिवसांची पाहुनी ती," खाकी कोटवाली म्हणाली. "तिला नाय तिकीट."

वेलाची काही टोकं जाळीतून बाहेर आली होती. तिथं नातसुनेनं जुडी धरली, तशी दोन्ही बाजूंना फुलं आली. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, दोन गाणी म्हटली. गेटवालीनंही पुढं होऊन कुंकू लावलं. तेवढ्यात म्हातारीचा हात सवयीनं एका फुलाकडे गेला.

"तोडू नको," मी म्हटलं.

"सकाळी पिशवी घेऊन कोन आलता?" ती म्हणाली. पण हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी गौर बिनहातांचीच सजली. आमची शेजारीण असली संधी सोडत नाही. सगळ्या बायकांदेखत तिनं विचारलंच, औंदा हात कुठं गेले म्हणून. मी दारातच उभा होतो. म्हातारीनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"पार्कात हायेत. काल भेटून आली ती," म्हणाली. मग नातसुनेकडे वळली, "तू ठेव गं सूप."