साळवीकाकांचं मापुतो

साळवीकाका कुठलाही देश त्याच्या गाळावरून ओळखत. परदेशात, बुकित पंजांग या उपनगरात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे निवृत्त चीफ इंजिनिअर. उभा जन्म जहाजाच्या पोटात काढलेला. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्याच्या गाळणीत काय अडकलंय ते पाहून ते बंदर सांगायचे. "कॅप्टन देश बघतो, चीफ त्याचं पाणी," असं म्हणत, आणि बिचारा कॅप्टनच फसला असा चेहरा करत.

माझ्या मुलीला, सईला, शाळेत मोझांबिकवर प्रोजेक्ट आलं. काकांनी ते परस्पर ताब्यात घेतलं. देशाला नाव मिळालं उत्तरेतल्या एका चिमुकल्या बेटावरून, जुनी राजधानीही तिथेच. मग पोर्तुगीजांनी ती उचलून पार दक्षिणेच्या टोकाला नेली, कारण शेजारच्या देशातल्या सोन्याच्या खाणींना ते बंदर जवळचं. "घरच्यांच्या सोयीने दार ठेवलेलंच नाही, गिऱ्हाइकाच्या सोयीने ठेवलंय," काका म्हणाले. त्यांच्या पहिल्या फेरीला शहराचं नाव लोरेन्सो मार्किस होतं. देश स्वतंत्र झाल्यावर शहराचं नाव बदललं, आणि त्याच धक्क्याला जहाज लागलं ते मापुतोत.

मग स्वारी शहरात शिरली. रुंद रस्ते, जांभळ्या फुलांची झाडं, घुमटाचं रेल्वे स्टेशन. सई भराभर लिहून घेत होती. मध्येच तिने विचारलं, स्टेशन बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे का? काका "असेल की" म्हणाले आणि चहा अर्धा टाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचं होतं. सकाळी सहाला बेल वाजली. काका दारात, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात.

"सई, शहराचं सगळं खोड. मी चार वेळा मापुतोला गेलो, एकदाही जहाजावरून उतरलो नाही. बंदरात आमची दुरुस्ती चालते. ते घुमटबिमट डेकवरच्यांकडून ऐकलेलं."

"इट्स ओके लाह, आजोबा. कोणी चेक नाही करत," सई इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली.

"मी करतो," काका म्हणाले.

मग तिथेच बसून त्यांनी पाणी सांगितलं. त्या उपसागरात तीन-चार नद्या माती आणून ओततात. पावसात गाळणी पुन्हा पुन्हा उपसावी लागे, कोपरापर्यंत तांबूस चिखल. सईने शहराचं पान फाडलं आणि हे लिहिलं. टीचरला तेच पान सगळ्यात आवडलं.

गेल्या वर्षी काका गेले. फार आठवण येते त्यांची. मी नोकरी करतो त्या बँकेत न पाहिलेल्या देशांवर अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांत मीही आलो. "हे मला माहीत नाही," असं इतक्या ठामपणे सांगणारा माणूस मात्र पुन्हा भेटला नाही.