उत्तरेश्वर मान्यांचा पार्कमधला मंगळवार

उत्तरेश्वर माने बस डेपोत एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं करून निवृत्त झाले. कर्वेनगरच्या घरी आता त्यांच्या घड्याळाला फक्त दूधवाला घाबरायचा.

२००७च्या मे महिन्यात त्यांच्या मुलाला, आनंदला, आयटी कंपनीने घाटाखालच्या थीम पार्कचे चार पास दिले. उत्तरेश्वर तीन दिवस पार्कचा नकाशा घेऊन बसले.

"मंगळवारी जायचं. रविवारी गर्दी असते," ते म्हणाले.

"बाबा, मंगळवारी माझी मीटिंग आहे."

"मग तू रविवारी ये. आम्ही तोवर जाऊन आलेलो असू."

आनंदने रजा टाकली.

मंगळवारी फाटक उघडताच सगळी गर्दी समोरच्या चक्राकडे धावली. माने मंडळी मात्र थेट पार्कच्या शेवटच्या टोकाला गेली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. नऊ वर्षांची नात राजनंदिनी रुळांवरून सुसाट उतरणाऱ्या उंच घसरगाडीत ओळीने तीनदा बसली. सव्वाअकराला उत्तरेश्वरांनी सगळ्यांना जेवायला बसवलं.

"अहो, भूक कुठे लागलीय?" त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या.

"भूक लागल्यावर जेवणारे रांगेत उभे राहतात."

एक वाजता सगळे खेळ संपले. परतीची बस सहाची. मधल्या पाच तासांचं काय करायचं, हे मात्र उत्तरेश्वरांनी ठरवलंच नव्हतं. ते नकाशा मांडीवर घेऊन बाकावर टेकले. बाकीचे पुन्हा खेळांकडे पांगले.

तेवढ्यात विश्रांतवाडीचे एक घामाघूम गृहस्थ दोन रडकी मुलं घेऊन आले. "काका, नकाशा बघू का जरा? दोन तासांत एकच पाळणा झालाय."

"आता झुलत्या नावेकडे जा. लोक जेवतायत, नाव रिकामी असेल."

गृहस्थ अर्ध्या तासात हसत परतले, येताना आणखी दोन कुटुंबं घेऊन. तीनपर्यंत बाकासमोर चांगली वीस माणसांची रांग लागली. सुरक्षारक्षक धावत आला.

"काका, तुम्ही कोणत्या खात्याचे?"

"वाहतूक," उत्तरेश्वरांनी खरं ते सांगितलं. रक्षकाने सलाम ठोकला आणि रांग सरळ करायला लागला.

पाचच्या सुमारास द्वारकाबाई आल्या. अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद.

"घसरगाडीत चारदा बसून आले. तुम्ही सकाळपासून कशात बसलात?"

उत्तरेश्वरांनी आठवून पाहिलं. "बाकावर."

"उठा!"

घसरगाडीपाशी त्यांनीच पाठवलेल्या माणसांनी रांगेत वाट करून दिली. गाडी सुटताच उत्तरेश्वरांनी डोळे मिटून बायकोचा हात घट्ट धरला, तो उतरल्यावरही सोडला नाही.

"काका, कशी आहे हो?" विश्रांतवाडीकरांनी विचारलं.

"बरी आहे," तोल सावरत ते म्हणाले. "पण मधे थांबा हवा होता."