काच साफ होती

सुखदेव गेल्याचं कार्ड दारव्ह्याला माझ्या शाळेत आलं तेव्हा आठवीचा तास चालू होता. शिपायानं ते टेबलावर उलटं ठेवलं. मरणाच्या बातमीची खूण म्हणून फाडलेला कोपरा मला दिसला होता, तरी तास संपेपर्यंत मी ते सुलटं केलं नाही. बातमी चार दिवसांची जुनी होती. सगळं उरकलं होतं. सव्वीस वर्षांचा होता तो...

सत्तावन साली यवतमाळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायला लागलो. माझे वडील कचेरीत कारकून, त्याचे वडील मारेगावकडच्या एका खेड्यात मजुरी करणारे. आदल्याच वर्षी त्याच्या घरानं धम्म स्वीकारला होता. बी.एस्सी. करून पुढे रक्ताचाच अभ्यास करायचा, असं त्यानं पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "माह्या अंगातलं दुखणं येते कोठून, थे मले पाहाचं हाय." दर हिवाळ्यात त्याचे हातपाय असे दुखत की आठ-आठ दिवस तो अंथरुणावरून उठत नसे. डोळे पिवळट दिसत. घरचे त्याला वात म्हणत; आई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकत बसे. अंग राबवलं, गारठ्याला सरावलं की वात मोडतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून जरा बरं वाटलं की हा पहाटे हौदाच्या गार पाण्यानं आंघोळ करी आणि सुट्टीत जिनमध्ये कापसाची ओझी उचली.

दुसऱ्या वर्षी रक्ताचं प्रात्यक्षिक होतं. आपल्याच बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरून रंगवायचा, सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते वहीत काढायचं आणि खाली लिहायचं, 'स्वतःचे रक्त'. सुखदेव बराच वेळ वाकून बसला होता. मग हळूच म्हणाला, "वसंता, पाह्य बरं. हे वाकडेच काहून दिसून राह्यले?" मी पाहिलं. गोल पेशींच्या मधे लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी होत्या. शिकवणाऱ्या सरांनी ओझरती नजर टाकली आणि म्हणाले, "काच नीट धुतलेली नाही. पुन्हा कर." पुन्हा केलं, पुन्हा तेच. तास संपत आला होता आणि वहीवर सही त्याच दिवशी हवी होती. मी बोट पुढे केलं. "माझं घे. उगाच वेळ जाईल."

त्यानं सुई टोचली आणि हसत म्हणाला, "तुह्या आईले सांगशीन का, माह्या वहीत तुहं रक्त हाय म्हणून?"

आमच्या घरी त्याचा कप वेगळा ठेवलेला असे. ते त्याला ठाऊक होतं, मलाही. "नाही सांगणार," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो. त्यानं काढलेलं चित्र सबंध वर्गात सरस ठरलं. खाली नियमाप्रमाणे 'स्वतःचे रक्त' असं वळणदार अक्षरात लिहिलं. सरांनी सही केली.

पुढे मी मास्तर झालो. तो नागपूरला विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकायला गेला. तिथून एक दिवस त्याचं पत्र आलं. विळ्यासारख्या पेशींचा एक आजार असतो, आईबापांकडून येतो, त्यावर औषध नाही, हे त्यांना त्या आठवड्यात शिकवलं होतं. त्यानं स्वतःचं रक्त पुन्हा काचेवर घेऊन पाहिलं होतं. थंडी, तहान आणि अंगमेहनत या आजारात टाळायची असते, असंही लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती : 'वसंता, त्या दिवशी काच साफ होती.'

ते पत्र मी किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. मधली तीन वर्षं तो हौदावर आंघोळ करत होता, ओझी उचलत होता... शेवटचं प्रात्यक्षिक त्याला देता आलं नाही. दुखणं बळावलं आणि तो गावी परतला. तिथे मी एकदा म्हणालो, "मी बोट पुढं केलं नसतं तर..." तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "तू कायले झुरतं? पाहून तर मीच राह्यलो होतो ना. मीच काचेवरून डोळा काढून घेतला."

कार्ड आल्यावर तीन आठवड्यांनी मी त्याच्या आईला भेटायला गेलो. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर ती वही, रक्ताच्या चित्रावर उघडून ठेवलेली. समोर विझलेली मेणबत्ती. आईला वाचता येत नाही. पानाला हात न लावता, वरूनच बोट फिरवत तिनं विचारलं, "बापू, हे त्याचंच रक्त हाय ना? शेजारचा पोरगा वाचून म्हणे, खाली तसंच लिवलं हाय."

खरं सांगायचं असं वाटेत ठरवून गेलो होतो मी.

"हो माय," मी म्हणालो. "त्याचंच."

तिनं मेणबत्ती लावली. त्या उजेडात लाल पेन्सिलीनं काढलेल्या, एकसारख्या गोल, निरोगी पेशींपुढे तिनं हात जोडले. मी तिच्या शेजारी उभा होतो. मला हात जोडता आले नाहीत.