यांजमाच्या लाल चिंध्या

बीळ बघून आतला उंदीर कोणता ते सांगणारी बाई, म्हणून यांजमाला आसपासच्या चार खोऱ्यांत मान होता. इतरांना सगळी बिळं सारखीच. उंदीरही सारखेच, तोकड्या शेपटीचे, चुलत भाऊ शोभावेत असे. पण एक पांढुरका. तो शेकड्यांनी राहणार, गवत बुडापासून कुरतडणार, आणि मोकळं आभाळ दिसलं नाही तर कासावीस होणार. ससाणा कुठून येतोय ते त्याला बघायचं असतं. दुसरा काळसर, गुपचूप. उंच गवतात दडून राहणार आणि थंडीसाठी मुळ्या साठवणार. दोघांत भांडण नाही, येणंजाणंही नाही. मध्ये आडवी फक्त गवताची उंची. गवत गुडघाभर असेल तिथे काळसर, बोटभर असेल तिथे पांढुरका.

हे तिला सासूने शिकवलं होतं. शरदात काळसराच्या बिळातून मुळ्या काढताना म्हातारी बजावायची, "अर्धं त्याचं, अर्धं आपलं. तो मेला तर पुढच्या साली तुला कोण गोळा करून देणार? माझा लेक? त्याला स्वतःचे दोन बूट एका जागी सापडत नाहीत!" आणखी एक बजावायची: सखल कुरणात मेंढरं घालायची ती बर्फ पडल्यावरच. तिथलं उंच गवत बर्फातूनही डोकं वर काढायचं. त्याच्या जोरावर चार पिढ्यांनी तिथे थंडी काढली होती.

सासू गेल्यानंतर एका साली थंडीने निम्मी मेंढरं नेली. उरलेल्यांना वसंतात उठून उभं राहवेना. यांजमाने त्यांना सखल कुरणात घातलं.

"आई असती तर तुला चाबकाने फोडली असती," नवरा गोंबो म्हणाला.

"आई असती तर तिने आधी मेंढ्यांकडे बघितलं असतं. पंधरा दिवस फक्त."

पंधरा दिवसांचा उन्हाळा झाला, कारण पाऊस फिरकलाच नाही. कुरण बोटभर उरलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस वरचे उतार पांढुरक्यांनी चाळणीसारखे करून टाकले, तेव्हा गावाच्या कचेरीतून विषाच्या गव्हाची पोती आली. सोबत मोटारसायकलवर कचेरीचा माणूस ओचिर.

"ताई, एवढ्या बिळांना माणसं कुठून आणू? तुम्ही फक्त पांढुरक्याची दाखवा."

"आणि काळसराच्या बिळात एक दाणा जरी गेला तर?"

"तर मला त्याच बिळात पुरा!"

यांजमा हसली. तिने ओचिरला खारट चहा पाजला आणि जुन्या लाल कापडाच्या चिंध्या फाडून काड्यांना बांधल्या. चार दिवस ती उतारांवर फिरली. प्रत्येक बिळाशी वाकायची, तोंडाशी पडलेली गवताची कात्रणं बोटाने उलटवायची, बीळ पांढुरक्याचं ठरलं तरच काडी खोवायची. पाचव्या दिवशी ती सखल कुरणात उतरली तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. ती वाकली नाही. वाकायची गरजही वाटली नाही. गवत बोटभर, म्हणजे पांढुरका. चालता चालता तिने काड्या खोवल्या.

ओचिरने काड्या बघून गहू टाकला. तीन दिवसांनी ती पुन्हा तिथे गेली. बिळांबाहेर मेलेले उंदीर पडले होते. तिने एक उलटा केला, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत ती तेच करत होती. शेवटी गोंबो तिला शोधत आला.

"काळे आहेत," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. पांढुरके इथे अजून आलेच नव्हते. गवत गेलं तरी हे आपले जागा धरून बसले होते. जाणार तरी कुठे?"

गोंबो तिच्याशेजारी बसला. "मेंढरं मीच हाकली होती खाली," तो म्हणाला.

"घाल म्हणून मी सांगितलं. आणि काड्या माझ्या."

त्याने मान डोलावली. त्याला खोटं बोलता येत नसे.

बर्फ वितळल्यावर पलीकडच्या खोऱ्यातले पांढुरके आले. वाटेत अडवायला उंच गवत नव्हतं, जागा धरून बसलेलं कुणी नव्हतं. जून उजाडेपर्यंत कुरण भोकाभोकांचं झालं. कोंब वर आला की त्याच दिवशी कुरतडला जायचा. यांजमाने मेंढरं लांब नेली, रोज सकाळी जाऊन कोंब बघितले, महिनाभर बघितले. मग एक दिवस जाणं सोडलं. गोंबोने शहराच्या कडेला राहणाऱ्या लेकीला, साइनचिमेगला, निरोप धाडला की अंगणात एक तंबू उभारण्यापुरती जागा कर. मेंढरं शेजारी लुव्सान नेणार होता.

आवराआवर चालू असतानाच ओचिर नवी पोती घेऊन आला. लांबूनच ओरडला, "ताई, चिंध्या बाहेर काढा! गेल्या साली तुमच्या खुणांमुळे काम कसं झटपट झालं. लुव्सानकाका म्हणतात, माझ्याही कुरणात यांजमाच पाहिजे."

यांजमा तंबूचा दोर सोडत होती. "आता खुणा नाहीत. सगळीकडे टाक," ती म्हणाली.

"अहो, पण तुमचे ते काळसर?"

"टाक म्हटलं ना."

ओचिरने गोंबोकडे पाहिलं. गोंबोने मान वळवली आणि दुसऱ्या बाजूचा दोर सोडायला घेतला.