खेंगारने आईला सांगितलं

आमच्या विणकरवाड्यात खेंगारसारखी शाल विणणारा दुसरा नाही, आणि त्याच्याइतका मावा चघळणाराही नव्हता. दिवसाला दहा पुड्या, वर सूत रंगवायच्या उकळत्या हंड्यापाशी तासन्‌तास बसणं. त्याचा माग माझ्या भिंतीला लागून, म्हणून मी सगळं पाहिलंय.

त्याची बायको लाछु दोनदा गरोदर राहिली, दोन्ही वेळा दुसऱ्याच महिन्यात गर्भ गेला. मग चार वर्षं काहीच नाही. भुजला खेंगारची तपासणी झाली, शुक्राणू भरपूर निघाले. झालं! त्याच्या आईने, पूरीमाने, गल्लीभर पेढे वाटले. असल्या रिपोर्टचे पेढे आमच्याकडेच वाटायचे! त्या दिवसापासून सगळा दोष लाछुच्या माथी.

"हिच्या पोटात काही ठरतच नाही," पूरीमा पाणी भरतानाही सांगायची. "दिवाळीपर्यंत बघते, मग धाडते माहेरी."

मला असा संताप यायचा की तिच्याकडे ताक मागायलाही मी जात नसे.

लाछु मात्र हट्टी. नवऱ्याला ओढत अहमदाबादला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची आणखी एक तपासणी केली; त्या काय म्हणाल्या ते लाछुनेच मला सांगितलं.

"संख्या चांगली आहे, भाई. पण प्रत्येक शुक्राणूत आईबापाकडून आलेल्या गुणांचे धागे असतात. त्या धाग्यांची टोकं राखायला टेलोमिअर असतात. तुमचे आखूड झालेत."

खेंगार ताडकन म्हणाला, "म्हणजे शाल विणली, पण टोकाच्या धाग्यांच्या दशा वळल्याच नाहीत! मग उसवणारच की."

"तसंच काहीसं. मावा सोडा, हंड्याच्या धगीपासून लांब राहा. नवे शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात. गर्भ त्यामुळेच गेले असं छातीठोक सांगत नाही, आणि खात्रीही देत नाही."

खेंगारने मावा सोडला. पहिला महिना तो इतका चिडका झाला की मागालासुद्धा शिव्या घालायचा. रंगकाम चुलत्याकडे दिलं, पण का ते आईला सांगितलं नाही. दिवाळीच्या तोंडावर लाछुला दिवस गेले. दुसरा महिना सरला, तिसरा सरला, मी श्वास रोखून मोजत होते. सातव्यात ओटी भरायचं ठरलं.

अंगण बायकांनी भरलं होतं. पूरीमा ऐटीत सांगत होती, "माझ्या नवसाला माता पावली, नाहीतर हिच्या पोटाचं काय सांगावं!"

बाप्यांनी तिथे यायचं नसतं, तरी खेंगार आत आला.

"मा, तिच्या पोटात खोट नव्हती. दोष माझ्यात निघाला होता. पेढे गल्लीभर वाटलेस ना? आता हेही गल्लीभर सांग."

पूरीमा उठली आणि सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"आजवर मी तुला बोलले. आता तू बोल, मी ऐकते."

लाछुने पोटावर हात ठेवला. "बोलणार आहे मा, एकूण एक बोलणार आहे. पण आधी ओटी भरा, आतून लाथा बसताहेत!"