चाळीस गावांची माती

आमच्या मामेसासऱ्यांइतकी बारीक नजर संबंध सिंधुदुर्गात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. हाडामासाची माणसं ते रस्त्यात ओळखत नसत, पण मातीतल्या न दिसणाऱ्या जंतूंची ख्यालीखुशाली त्यांना तोंडपाठ. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, घर नांदगावला. कोकण रेल्वे नवी होती तेव्हा लोक गाडीने मुंबईला जात. मामा माती आणायला जात. कुणाच्याही परसात शिरून मूठभर माती मागत. विजयदुर्गला एका आजीने, म्हातारा करणी करतोय असं समजून त्यांच्यादेखत मिरच्या ओवाळून अंगणातच जाळल्या. मामांनी त्या राखेच्या शेजारची मातीही आणली.

कारण होतं मामींची वांगी. मातीतल्या बारीक सूत्रकृमींनी मुळांना गाठी यायच्या आणि रोपं माना टाकायची. माहेरून आणलेलं बी संपत संपत शेवटची चिमूट उरली होती. या कृमींच्या कातडीला चिकटून त्यांना संपवणारा एक जंतू मातीत असतो, पण तो भारी मानी. एका गावचा जंतू दुसऱ्या गावच्या कृमीला पुष्कळदा शिवतही नाही. म्हणून पडवीत चाळीस करवंट्या, चाळीस गावांच्या मातीच्या, प्रत्येकीवर गावाची चिठ्ठी. मोतीबिंदू काढून आलं की एकेक माती मामींच्या कृमींवर तपासायची, असं मामांनी ठरवलं होतं.

ते कणकवलीला दवाखान्यात असताना मी सासुरवाडीच्या माणसांवर छाप पाडायला नवं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, घालायला घेतलं. पाऊस सरला होता. एका कोपऱ्याला माती कमी पडली. पडवीत तर चाळलेली, मऊसूत माती मांडून ठेवलेली! जावयाची केवढी ही काळजी, असं म्हणत मी चिठ्ठ्या उडवल्या, करवंट्या ओतल्या, पाणी मारून लाकडी चोपण्याने बडवलं, वर शेणाने सारवलं. कोपरा आरशासारखा झाला.

काळा चष्मा लावून मामा आले, त्याच कोपऱ्यात उभे राहिले आणि माती कुठे म्हणून विचारू लागले. मी त्यांच्या पायांखाली बोट दाखवलं. त्यांनी आधी चपला काढल्या.

"मरूचे नाय ते जंतू," मग म्हणाले, "पण जावयबापू, आता कोण खंयचो, ह्यां कसां कळतलां?"

कोण कुठल्या गावचा, एवढंच विचारण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामी कुदळ घेऊन आल्या आणि माझा आरसा फोडू लागल्या. "चाळीसांतलो एक तरी किड्याक धरतलोच मां?" एवढंच म्हणून त्यांनी ती सगळी माती वाफ्यात पसरली आणि शेवटची चिमूट पेरली.

वांगी आली. रोपं उपटून मुळं पाहिली तर गाठी कुठे दिसल्या तर दिसल्या. मामींनी डबाभर बी धरलं, मला दर रविवारी भरीत खावं लागलं.

मामा मात्र दुपारभर खिडकीशी सूक्ष्मदर्शक लावून बसत. एकदा मलाही बोलावलं. आधी मला माझीच पापणी दिसली. मग काचेसारखी एक कृमी, आणि तिच्या अंगाला बिलगलेले जंतूंचे गोल गोल कण, खाडीत होड्या लागाव्यात तसे. मामांनी मला हलकेच बाजूला सारलं, डोळा नळीला लावला आणि पायरीशी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं,

"खंयचो रे तू?"

आणि ऊन खिडकीतून उतरून गेलं तरी तसेच बसून राहिले.