रिळात जवसाचं तेल

मंडळी, सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून इथे लिहितो.

नागभीडजवळच्या तलावावर गळ टाकून चौथीतली कविता गुणगुणत होतो, तेवढ्यात मरळ लागली. चांगली हातभर! रीळ फिरवायला गेलो, तर हँडल जागचं हलेना. मासा कमळाच्या देठांत शिरला आणि दोरी तुटली.

रीळ उघडलं, तर आत चिकट पिवळा थर. निवृत्तीच्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांनी दिलेलं रीळ ते! गेल्या महिन्यात शेजारच्या देवाजीला वापरायला दिलं होतं. तडक त्याच्या घरी गेलो.

"काय टाकलं रे यात?"

"घरचं जवसाचं तेल, गुरुजी. परत देताना कोरडं कसं देऊ?"

"ते वाळून डिंकासारखं होतं, गाढवा!"

"तुमीच तं सांगतलं होतं, जवसाचं तेल लाव म्हणून. आता मले काऊन बोलून राह्यले?"

सांगितलं होतं, पण बांबूच्या काठीसाठी! रिळाला शिलाई मशीनचं तेल, तेही दोनच थेंब, हे सांगायचं राहिलं. आयुष्यभर शिकवलं आणि याला अर्धाच धडा दिला. संताप त्याच्यावर आहेच, स्वतःवरही आहे.

रॉकेलात बुडवूनही चक्र सुटलेलं नाही. कुणाला उपाय माहीत आहे का? असेल तर सांगा. आणि कृपा करून पूर्ण सांगा.